जाड म्हणजे शांत नव्हे : जुनी मसल कार, मागचा ॲक्सल आणि टॅरिफची घाई

२०२५ च्या जूनमध्ये माझ्या चुलत भावाचा व्हॉट्सॲप कॉल आला. दादा डेट्रॉइटजवळ राहतो आणि त्याच्याकडे १९६७ ची फोर्ड मस्टँग आहे. जाणकार तिला ‘पोनी कार’ म्हणतील, पण दादाने तिच्यात ४०० अश्वशक्तीच्या आसपासचं व्ही-८ इंजिन बसवलंय, त्यामुळे ती आता मसल कारच. इंजिन बदलल्यावर मूळ ८ इंची ॲक्सल टिकणार नाही, म्हणून त्याने एका वर्कशॉपकडून ‘कधीच न तुटणारा’ ॲक्सल बसवून घेतला होता.

तो तुटला नाहीच. पण ताशी ४५ मैलांच्या पुढे गाडी गेली की मागून एकसुरी ‘हूंSSS’ सुरू व्हायचं. वहिनीने त्या गाडीत बसणंच बंद केलं. म्हणाली, “कानाशी मिक्सर लावून फिरवायचं असेल तर मी घरीच बरी.” गाडी विकून टाकू का, इथपर्यंत दादा आला होता.

आणि आता तो विचारत होता, “अरे, याहून जाड डेना ६० घेतो. जाड म्हणजे शांत असणार ना? साडेचार हजार डॉलरचं कोटेशन आहे. टॅरिफमुळे पुढच्या महिन्यात अजून वाढेल म्हणतात. आजच ऑर्डर टाकू?”

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो, पण डिग्री मेकॅनिकलची आहे. म्हटलं, “दादा, एक आठवडा थांब.” त्या आठवड्यात जे समजलं ते इथे मांडतोय. गाडी अमेरिकेतली असली तरी ‘भाव वाढणार, आत्ताच घ्या’ हा दबाव आपल्यालाही फोन घेताना येतोच.

हा विषय आत्ताच का?

दोन गोष्टी एकत्र आल्या. पहिली म्हणजे नवीन व्ही-८ मसल कार कमी झाल्या. डॉजने जुन्या चॅलेंजरचं उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबवलं, शेवर्लेची कॅमॅरोही त्याच सुमारास बंद झाली. डॉजची इलेक्ट्रिक चार्जर डेटोना आली, पण तिचा ‘इंजिनाचा’ आवाज कृत्रिमरीत्या तयार केलेला आहे. ज्यांना खरा व्ही-८ हवा, ते जुन्या गाड्यांकडे वळतात आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या सांगाड्यात आजचं इंजिन बसवतात. इंजिन वाढलं की पुढचा कमकुवत दुवा मागचा ॲक्सल.

दुसरी गोष्ट टॅरिफ. ३ मे २०२५ पासून अमेरिकेने आयात कारच्या सुट्या भागांवर २५ टक्के शुल्क लावलं. इंजिन, गिअरबॉक्स आणि पॉवरट्रेनचे भाग त्यात आले. ४ जूनपासून पोलादावरचं शुल्क ५० टक्के झालं. पुढे २९ ऑगस्टला ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलना मिळणारी शुल्कमाफीही संपली. त्यामुळे जुन्या गाड्यांच्या दुनियेत सल्ला फिरू लागला : सगळ्यात मजबूत ॲक्सल एकदाच घ्या आणि लगेच घ्या.

माझ्या मते हा सल्ला निम्मा चुकीचा आहे. का, ते पाहू.

आवाज येतो कुठून?

आपल्या गॅरेजमध्ये ज्याला ‘क्राऊन-पिनियन’ म्हणतात, तीच जोडी इथे मुख्य आहे. इंजिनाकडून येणारा शाफ्ट छोट्या पिनियनला फिरवतो, पिनियन मोठ्या क्राऊनला, आणि क्राऊन चाकांना. या प्रकारात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेलं असतं. याला हायपॉइड गिअर म्हणतात. त्यामुळे दात एकमेकांवर घसरत घसरत बसतात, एका वेळी जास्त दात भार घेतात, आणि नीट जुळले तर आवाज कमी होतो. किंमत अशी की घसरण्यात उष्णता होते आणि थोडी ताकद वाया जाते.

फोर्डच्या प्रसिद्ध ९ इंची ॲक्सलमध्ये हे अंतर सव्वादोन इंचांच्या आसपास आहे, फोर्डच्याच ८.८ मध्ये दीड इंच, आणि डेना ६० मध्ये त्याहून कमी. म्हणून ९ इंची चिवट असतो, पण ताकद जरा जास्त खातो.

आता मुद्द्याचं. ॲक्सल शांत की गोंगाट करणारा, हे त्याच्या जाडीवरून ठरत नाही. ते ठरतं क्राऊन आणि पिनियनचे दात नेमके कुठे टेकतात यावरून. पिनियन किती आत बसवलंय, दातांमध्ये किती ‘प्ले’ आहे, बेअरिंग किती घट्ट आहेत, हे सगळं बारकाईने जुळवावं लागतं. ९ इंचीमध्ये प्ले साधारण ०.००८ ते ०.०१२ इंच ठेवतात, म्हणजे ०.२ ते ०.३ मिलिमीटर. तुमच्या फोनवरची टेम्पर्ड ग्लास यापेक्षा जाड असते. हे जुळवणारा माणूस घाईत असेल, तर जगातला सगळ्यात महाग ॲक्सलही रडतो.

मजबुती खरंच किती लागते?

इथे मी वहीत हिशेब केला. दादाचं इंजिन समजा ५४० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. पहिल्या गिअरने तो २.९५ पट आणि ॲक्सलने ३.५० पट वाढतो. गुणाकार केला तर ५,५०० हून जास्त न्यूटन-मीटर. आकडा घाबरवणारा आहे.

पण चाकाची पकड बघा. जोरात निघताना मागच्या चाकांवर साधारण ९०० किलो भार येतो. साध्या रस्त्याच्या टायरची पकड जास्तीत जास्त त्या भाराइतकी धरली आणि टायरची त्रिज्या ०.३३ मीटर घेतली, तर सुमारे २,९०० न्यूटन-मीटरला टायर घसरायलाच लागतो. उरलेला टॉर्क धुरात जातो. म्हणजे ॲक्सलचा फ्यूज टायरच आहे. क्लच झटक्यात सोडला तर क्षणभर धक्का जास्त बसतो, म्हणून थोडी गंगाजळी हवी. पण ड्रॅग रेसचे चिकट टायर नसतील तर डेना ६० म्हणजे २५ वॅटचं चार्जिंग घेणाऱ्या फोनला १२० वॅटचा चार्जर. नुकसान नाही, पण उपयोगही नाही. वर वजन वाढतं ते वेगळंच.

मग दादाचा ‘न तुटणारा’ ॲक्सल का ओरडत होता? बिल मागवलं तेव्हा कळलं. हाऊसिंग चांगल्या ९ इंचीचंच होतं, पण आत ४.११ रेशोचं, ९३१० पोलादाचं ड्रॅग रेसचं क्राऊन-पिनियन होतं. हे पोलाद धक्का सोसायला चिवट ठेवलेलं असतं. रोजच्या रस्त्यावर त्याचे दात लवकर झिजतात आणि आवाजाकडे बनवणारे फारसं लक्ष देत नाहीत. रस्त्यासाठी सहसा ८६२० पोलादाचे, वरून कडक केलेले गिअर वापरतात. म्हणजे दादाला मजबुती विकली गेली होती, पण चुकीच्या कामाची.

फोनने निदान

तरी खात्री हवी होती. आवाज बेअरिंगचा, टायरचा किंवा शाफ्टचाही असू शकतो. इथे फोन कामी आला. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत ॲप आहे. ते माइकवरून आवाजातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करून दाखवतं.

हिशेब सोपा आहे. २६ इंची टायर ताशी ६० मैलांना (सुमारे ९७ किमी) सेकंदाला साधारण १२.९ फेऱ्या मारतो. म्हणून :

टायर किंवा रिमचा दोष असेल तर सुमारे १३ हर्ट्झ.

४.११ रेशोला शाफ्ट सेकंदाला ५३ फेऱ्या मारतो. त्याचा तोल बिघडला असेल तर ५३ हर्ट्झ, जॉइंटचा कोन चुकला असेल तर दुप्पट, म्हणजे १०६.

क्राऊनला ३७ दात आहेत. १२.९ गुणिले ३७ म्हणजे सुमारे ४७८ हर्ट्झ. हा दातांचा आवाज.

दादाने रविवारी रिकाम्या हायवेवर रेकॉर्डिंग केलं. फोन वहिनीने धरला होता, “हे शेवटचं” असं बजावून. ४८० च्या जवळ स्पष्ट शिखर आलं. वेग तोच ठेवून गिअर बदलला, इंजिनाचे फेरे बदलले, पण शिखर जागचं हललं नाही. म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्स नाही. ॲक्सिलरेटर सोडला की सूर तोच, पण जोर बदलायचा. दातांची जुळणी चुकल्याची ही नेहमीची खूण.

पंधरा मिनिटांचं मोफत निदान. साडेचार हजार डॉलर खर्च करण्याआधी एवढं तरी करावं.

मग निवडलं काय?

हाऊसिंग तेच ठेवलं. ९ इंचीची सगळ्यात मोठी सोय म्हणजे मधला सगळा भाग पुढून बोल्ट काढून बाहेर येतो आणि टेबलावर जुळवता येतो. १९५७ ते १९८६ पर्यंत फोर्डने हे डिझाइन वापरलं आणि आजही त्याचे सगळे भाग नवीन मिळतात, याचं हेही एक कारण आहे.

आत रस्त्यासाठीचं ३.५० रेशोचं क्राऊन-पिनियन घेतलं. थेट गिअरमध्ये ताशी ६० मैलांना इंजिन ३,२०० ऐवजी २,७०० फेऱ्यांवर आलं. दोन्ही चाकांना ताकद देण्यासाठी ईटनचं ट्रूट्रॅक निवडलं. त्यात क्लच प्लेट नसतात, गिअरच काम करतात. डेट्रॉइट लॉकर जास्त दणकट आहे, पण वळणावर खटखटतो. वहिनीला ती खटखट चालली नसती.

स्प्रिंगचे कडक पॉलियुरेथेन बुश काढून रबरी लावले. कडक बुश ॲक्सलची कंपनं सरळ पत्र्यात पाठवतात आणि पत्रा स्पीकरसारखा वागतो.

वाचलेल्या पैशांतला मोठा वाटा जुळवणाऱ्या माणसाला दिला. दुसरं वर्कशॉप निवडताना दादाने तीनच प्रश्न विचारले : दातांवर रंगाची पेस्ट लावून उमटलेल्या ठशाचे फोटो देणार का? प्लेचं माप लिहून देणार का? आवाज आला तर पुन्हा उघडणार का? दोघांनी टाळाटाळ केली. तिसरा म्हणाला, “फोटो मी स्वतःसाठीही ठेवतो.” काम त्याला मिळालं.

नंतर सुरुवातीचे १५-२० मैल सावकाश चालवून गाडी पूर्ण थंड करायची, पहिले ५०० मैल जोर लावायचा नाही आणि मग तेल बदलायचं, ही शिस्तही पाळली.

टॅरिफचा खरा हिशेब

शुल्क आयात किमतीवर लागतं, दुकानातल्या किमतीवर नाही. समजा गिअरचा सेट १५० डॉलरला देशात येतो आणि ३०० ला विकला जातो. २५ टक्के शुल्क म्हणजे साडेसदतीस डॉलर. पूर्ण बोजा ग्राहकावर टाकला तरी ३०० चे ३३७. चुकीचा ॲक्सल बसवून तो पुन्हा उघडायची मजुरी यापेक्षा कितीतरी जास्त. मजुरीवर टॅरिफ नाही, पण चुकीवर ती दुप्पट भरावी लागते.

आणि ‘अमेरिकन घ्या, म्हणजे सुटलात’ हेही पूर्ण खरं नाही. तिथे बनणाऱ्या ॲक्सलमध्ये आयात बेअरिंग असू शकतात, आणि आयात पोलाद महागलं की देशी पोलादालाही भाव चढवायला वाव मिळतो.

याचं एक टोक आपल्याकडेही आहे. डेना कंपनीचं काम पुणे-चाकण पट्ट्यात चालतं. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर गेलं, तेव्हा कारचे हे सुटे भाग त्यातून वेगळे ठेवून २५ टक्क्यांवर राहिले. शिवाय इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा आवाजच नसतो, त्यामुळे गिअरची बारीक शिट्टीही कानाला टोचते. म्हणजे दातांचा ठसा वाचता येणाऱ्या माणसाची गरज जुन्या मस्टँगबरोबर संपणार नाही. मेकॅनिकल करणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावं.

शेवटी काय झालं?

ऑगस्टमध्ये दादा वुडवर्ड ड्रीम क्रूझला गेला. पण तिथे गाड्या मुंगीच्या पावलाने चालतात, ॲक्सल ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. खरी परीक्षा सप्टेंबरमध्ये झाली : मिशिगनच्या खालच्या द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाला मॅकिनॉ पुलापर्यंतचा लांबचा प्रवास. वहिनी बरोबर होती.

गाडी पूर्ण मुकी झालेली नाही. ताशी ७० मैलांना ॲक्सिलरेटर सोडला की कान देऊन ऐकल्यावर हलका सूर लागतो. ताशी ६० मैलांना फायफॉक्सवर शिखर आता ४५० च्या जवळ आहे, कारण नव्या क्राऊनला ३५ दात आहेत. पण ते वाऱ्याच्या आवाजात बुडालेलं असतं. दादाने तो स्क्रीनशॉट मला पाठवला.

खाली वहिनीचा मेसेज होता : “येताना तीन तास झोपले गाडीत.”