शेक संपले, दातांचं काय?

मैत्रिणींनो, परवा रोहिणखेडला शेजारच्या काकू गाल धरून बसल्या होत्या. "उपटून टाकते एकदाची ही दाढ," म्हणाल्या. मी सोबत गेले. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही मोठा आजार?" काकू म्हणाल्या, "काही नाही बापा." तीन वर्षांपूर्वी तोंडाच्या कॅन्सरसाठी मलकापूरहून रेल्वेने मुंबई गाठून त्यांनी रेडिएशन, म्हणजे शेक, घेतले होते. त्यांच्या लेखी ते दुखणं संपलेलं! मी ते सांगितलं आणि डॉक्टरांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

कारण शेकामुळे जबड्याच्या हाडाचा, विशेषतः खालच्या, रक्तपुरवठा कमी होतो. तिथला दात काढला तर जखम न भरता हाड कुजू शकतं. हा धोका जन्मभर राहतो. म्हणून खराब दात शेक सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच काढून घ्यायचे असतात. काकूंच्या दाढेचं डॉक्टरांनी कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून रूट कॅनाल केलं.

दुसरं म्हणजे लाळ आटते. लाळ ही दातांची राखणदार. ती नसली की धडधाकट दातही हिरडीजवळ किडतात. कोरड पडते म्हणून काकू दिवसभर खडीसाखर चघळायच्या. किडीला आयतंच आवतण! त्यापेक्षा घोट घोट पाणी प्यावं. मऊ ब्रशने दोन वेळा दात घासावेत, डॉक्टरांनी दिलेलं फ्लोराइडचं जेल रोज लावावं. लिटरभर कोमट पाण्यात छोटा चमचा मीठ आणि तेवढाच खाण्याचा सोडा घालून चुळा भराव्यात. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम करावा आणि दर काही महिन्यांनी दात दाखवावेत.

आणि मशेरी? 2012 साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण मशेरी तर आपल्याच चुलीवर भाजली जाते. दाढ दुखते म्हणून काकू पुन्हा तीच लावत होत्या!

कॅन्सरसाठी घरदार धावतं, दागिने मोडतात. नंतरच्या दाढदुखीला मात्र "एवढंसं तर आहे" म्हणत बाई अंगावर काढते. तसं करू नका. शेकाची फाइल जपून ठेवा आणि दातांच्या खुर्चीत बसताना पहिलं वाक्य हेच बोला, "डॉक्टर, मी शेक घेतलेत."