पट्टा बदलल्यानंतरचा बिघाड

मोटारगाडी धडधाकट चालत असताना, केवळ पुस्तिकेत नेमून दिलेले किलोमीटर भरले म्हणून मालकाने तिचा टायमिंग बेल्ट बदलण्यास दिला, आणि गॅरेजातून परत आलेली तीच गाडी सिग्नलला उभी असता थरथरू लागली, घाटात उचलेनाशी झाली, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, असे झाले म्हणजे मालक आणि मिस्त्री यांच्यात जो संवाद घडतो तो कोणत्याही शहरात जवळजवळ एकाच ठशाचा असतो. ‘तुमच्याकडे आणण्यापूर्वी हिला काही नव्हते,’ असे मालक म्हणतो. ‘साहेब, आम्ही फक्त बेल्ट टाकला, हा सेन्सरचा प्रॉब्लेम आहे, सेन्सर बदलून बघू,’ असे मिस्त्री म्हणतो. सेन्सर बदलला जातो, मग प्लग, मग कॉइल, मग इंजेक्टरची सफाई. बिलाचा आकडा वाढत जातो आणि थरथर कायम राहते. या व्यवहाराला निदान म्हणता येत नाही. बेल्टच्या कामानंतर उद्भवलेल्या बिघाडाचा तपास प्रथम त्या कामापासूनच सुरू झाला पाहिजे, तो काम करणाराने स्वतःच्या खर्चाने केला पाहिजे, आणि त्यात काय आढळले याची लेखी नोंद मालकाच्या हाती पडली पाहिजे, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

यावर मिस्त्रीवर्गाचे ठरलेले उत्तर असे की, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. असे योगायोग घडतात, हे मी नाकारीत नाही. एका गोष्टीमागून दुसरी घडली एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हे तर्कशास्त्राचे तत्त्व गॅरेजातही लागू आहे. परंतु तपासाला कोठून तरी प्रारंभ करावयाचा असतो, आणि ज्या यंत्रभागाची तीन-चार तासांपूर्वी उघडझाप झाली त्याला वगळून, ज्याला कोणी हात लावला नव्हता अशा भागावर प्रथम संशय घेणे हे शक्याशक्यतेच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही.

हा पट्टा काय करतो ते नीट ध्यानी घेतले म्हणजे या आग्रहाचे कारण समजेल. इंजिनाच्या तळाशी फिरणारा क्रँकशाफ्ट पिस्टनांशी जोडलेला असतो, आणि माथ्यावर फिरणारा कॅमशाफ्ट हवा आत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हांची उघडझाप करतो; क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची नेमकी एक फेरी व्हावी, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह पिस्टनच्या ठरलेल्या स्थितीतच उघडावा व मिटावा, ही सारी व्यवस्था ज्याच्यावर सोपवलेली असते तो हा दातेरी रबरी पट्टा होय, ज्याच्या पोटात काचतंतूंचे दोर आणि दातांवर कापडाचे अस्तर असते. इंजिन नुसते आयडलिंगला मिनिटाला ८०० फेरे घेत असले तरी तेवढ्या अवधीत प्रत्येक व्हॉल्व्ह ४०० वेळा उघडतो. बव्हेरियातील डिंगोल्फिंग या गावच्या ग्लास कंपनीने १९६२ साली आपल्या १००४ या मोटारीत असा पट्टा घातला, आणि मोठ्या संख्येने निघालेल्या मोटारींत तो पहिला समजला जातो. आपल्याकडे मात्र पुढेही बराच काळ अँबॅसडर आणि प्रीमिअर पद्मिनी यांचेच राज्य होते, व त्या दोन्ही गाड्यांत हे काम पोलादी साखळी करीत असे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तिच्या तीन सिलिंडरांच्या ७९६ सीसी इंजिनाबरोबर हा रबरी पट्टा मध्यमवर्गीय घरांच्या दारात येऊन उभा राहिला. साखळीवर हात बसलेल्या कारागिरांच्या एका संपूर्ण पिढीला हे नवे काम पाहून पाहून शिकावे लागले, आणि पाहून शिकलेल्या कामात कृती उतरते तरी तिच्यामागील कारण पुष्कळदा उतरत नाही.

कारण न कळता केलेल्या कृतीत चूक होते ती बहुधा एका दाताची. क्रँकच्या चाकाला २० दात असतील तर एक दात म्हणजे १८ अंशांचा फरक. एवढ्या फरकाने बहुतेक इंजिने बंद पडत नाहीत, आणि खरी अडचण तीच आहे. गाडी सुरू होते, गॅरेजच्या दारापुढे एक फेरी मारून येते, मालक पैसे चुकते करून निघून जातो; पुढे चार दिवसांनी त्याला उमगते की पिकअप मेला आहे, पेट्रोल अधिक लागते आहे आणि आयडलिंगला गाडी मिसिंग मारते आहे. चूक अनेक दातांची झाली तर प्रकरण अधिक गंभीर होते, कारण कित्येक इंजिनांत खाली उतरलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांना एकच जागा वेगवेगळ्या क्षणी वापरावयाची असते. क्षण चुकला की दोघे भिडतात, व्हॉल्व्ह वाकतो, आणि हेड उतरविल्यावाचून गत्यंतर उरत नाही.

तथापि तपासाचा आरंभ पट्टा पुन्हा उघडण्यापासून करू नये. पट्ट्यापर्यंत पोहोचण्यासाठी मिस्त्रीला जे जे दूर करावे लागले त्याची उजळणी आधी करावी. एअर फिल्टरची नळी काढावी लागते, एका बाजूचे इंजिनाचे फाउंडेशन सोडून इंजिन जॅकवर तोलावे लागते, अल्टरनेटरचा पट्टा उतरावा लागतो, क्रँक आणि कॅम यांच्या सेन्सरांचे कनेक्टर पुष्कळदा निखळवावे लागतात, आणि पाण्याचा पंप त्याच वेळी बदलला असेल तर कूलंटच्या नळ्याही सोडाव्या लागतात. यांपैकी एखादा कनेक्टर ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत बसलेला नसतो, एखादी व्हॅक्यूमची बारीक नळी तशीच लोंबत राहिलेली असते, सेन्सरची वायर कव्हर आणि इंजिन यांच्यामध्ये चेपलेली असते. फाउंडेशनचे बोल्ट आवळताना इंजिन आपल्या नैसर्गिक स्थितीत नसेल तर पेटणे निर्दोष असूनही सारी गाडी थरथरते. बॅटरीची तार काढली गेली असेल तर काही गाड्यांच्या संगणकाला आयडलिंग पुन्हा जमवून घेण्यास थोडा अवधी लागतो. हे सगळे पाहण्यास एक दिवा, एक आरसा आणि पाव तास पुरे होतो; पैसा लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच ते टाळले जाते.

यानंतर स्कॅनर. या उपकरणाविषयी गॅरेजांत एक अंधश्रद्धा पसरली आहे, की पडद्यावर ज्या भागाचे नाव आले तो भाग मेला. पी ००१६ हा संकेत क्रँक आणि कॅम यांची एकमेकांशी फारकत झाली आहे असे सांगतो. पट्टा बदलल्यावर तो प्रथमच उमटला असेल, तर दोन्ही सेन्सर बहुधा आपले काम चोख करीत असून त्यांना दिसले तेच त्यांनी कळविले आहे. पी ०३४० हा संकेत कॅमच्या सेन्सरच्या जोडणीसंबंधी असतो, आणि ती जोडणी म्हणजे सेन्सर, त्याची वायर व कनेक्टर असे सगळेच. अशा प्रसंगी नवा सेन्सर विकणे म्हणजे खरे सांगणाऱ्या साक्षीदारालाच बडतर्फ करणे होय, आणि त्याचा भुर्दंड मालकाने का सोसावा हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

आता मूळ कामाकडे वळू, कारण या प्रकरणाचा गाभा तेथेच आहे. पट्टा चढविताना क्रँकच्या चाकावरील खूण आणि कॅमच्या चाकावरील खूण आपापल्या ठिकाणी आणली जाते, हे प्रत्येक मिस्त्री करतो. पण त्या क्षणी पट्टा सैल असतो. टेन्शनर सोडला की तो ताणला जातो, आणि ताणला जाताना कॅमचे चाक थोडे सरकते. ज्या बाजूस टेन्शनर नाही ती बाजू आधीच ताठ बसविली नसेल, तर हे सरकणे अर्ध्या-एका दाताइतके होऊ शकते. म्हणून नियम असा आहे की, प्लग काढून, क्रँकच्या बोल्टवर पाना लावून, इंजिन चालताना ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने ते हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे आणि मग खुणा पुन्हा पाहाव्या. दोन अशासाठी की एका फेऱ्यात कॅम अर्धाच फिरलेला असतो. जाणत्या फिटरचा हात त्या पान्यावर असताना पाहण्यासारखा असतो. तो झटका देत नाही; व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा चढउतार त्याला मनगटात कळतो, आणि जेथे हात एकाएकी टणक जागी अडतो तेथे तो थांबतो, जोर लावीत नाही, कारण त्या अडण्याचा अर्थ व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असा असू शकतो. पाना उलट दिशेने फिरविला तर पट्ट्याचा ढिलेपणा भलत्या बाजूस जातो आणि बरोबर बसलेली खूणही चुकलेली दिसते, म्हणून तो मोहही तो टाळतो. खुणांचीही खातरजमा लागते: बाहेरच्या क्रँकपुलीवरील खूण विश्वासार्ह असतेच असे नाही, कारण काही पुल्यांच्या आतील रबर सुटून बाहेरचे कडे सरकलेले असते, आणि मागील मिस्त्रीने रंगाने केलेले ठिपके हे तर मागील मिस्त्रीचे मत, कारखान्याचे नव्हे. रेनोच्या दीड लिटर डिझेल इंजिनात, जे आपल्याकडे डस्टरमुळे परिचित झाले, क्रँक आणि कॅम दोन्ही पिना घालून जखडल्यावाचून पट्टा बसवू नये अशी योजनाच आहे. त्या पिना न बाळगता केवळ नजरेच्या अंदाजावर ते काम पत्करणे मी बेजबाबदारपणाचे मानतो.

खुणा बिनचूक जुळल्या आणि दोष तरी उरला, तर कॉम्प्रेशन मोजावे. सर्व सिलिंडरांचा दाब सारखाच घसरलेला असेल तर खुणा जुळल्याचा आपला समज पुन्हा तपासावा. एकाच सिलिंडरचा पडला असेल तर त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह वाकला असल्याचा संशय बळावतो. पेट्रोल इंजिनाला व्हॅक्यूम गेज लावण्याची जुनी रीत आज कोणी फारशी आठवीत नाही, पण ती उत्तम आहे: आयडलिंगला काटा साधारणतः १७ ते २१ इंचांवर स्थिर राहावा, तो स्थिर आहे पण बराच खाली आहे, असे दिसले तर व्हॉल्व्ह उशिरा उघडत असल्याचा तो एक दर्शक आहे. आवाजही बोलका असतो. वेगाबरोबर चढणारी कूं अशी शीळ पट्टा फाजील आवळल्याची, आणि कव्हरच्या आत फटफट आवाज सैलपणाचा. जुना टेन्शनर आणि आयडलर बेअरिंग तसेच ठेवून केवळ पट्टा बदलण्याची काटकसर मालकच पुष्कळदा करावयास लावतो, आणि त्या आवाजाचा दोष त्याला मिस्त्रीवर टाकता येत नाही.

मिस्त्रीच्या बाजूनेही एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. काही गाड्या आधीपासूनच आजारी असतात. पूर्वीच्या कोणी चुकीच्या खुणेवर बसविलेला पट्टा वर्षानुवर्षे तसाच चाललेला असतो, थकलेली कॉइल अधूनमधून दगा देत असते, आणि मालकाचे लक्ष गाडीकडे जाते ते बिल भरल्यानंतरच. यावर उपाय एकच: काम हाती घेण्यापूर्वी स्कॅनर लावून, आयडलिंगचे फेरे पाहून, जे आढळेल ते जॉब कार्डावर मालकासमक्ष लिहावे. ही नोंद जितकी मालकाचे रक्षण करील तितकीच मिस्त्रीचेही करील, आणि वादाच्या वेळी दोघांनाही शपथा घ्याव्या लागणार नाहीत.

दोष सगळा गल्लीतल्या गॅरेजाच्या माथी मारणेही मला मान्य नाही. खुणांचे आराखडे, बोल्ट आवळण्याची मापे आणि निदानाची साधने कारखानदारांनी आपल्या अधिकृत विक्रेत्यांपुरती राखून ठेवावी आणि बाहेरच्या कारागिराने चुका केल्या की त्याला अडाणी म्हणावे, हा उघड अन्याय आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ते प्रकरण पुढे अपिलात गेले, पण अशी अडवणूक चालते ही बाब त्याने अधिकृतपणे चव्हाट्यावर आणली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी जे संकेतस्थळ उघडले त्यात मोटारींचाही समावेश आहे. माझी अपेक्षा याहून थोडी पुढची आहे: प्रत्येक इंजिनाच्या टायमिंगच्या खुणांचा आराखडा, मराठीसह देशी भाषांत, विनामूल्य आणि विनाअट उपलब्ध असावा. आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करून आलेल्या मुलाला तो इंग्रजी पुस्तिकेच्या झेरॉक्सवरून अंदाजाने लावावा लागू नये.

ही व्यवस्था होईपर्यंत मालकाने काही गोष्टी स्वतः मागून घ्याव्या. काढलेला जुना पट्टा व टेन्शनर ताब्यात घ्यावा. इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा पाहिल्याची नोंद जॉब कार्डावर करवून घ्यावी. आणि त्यानंतरही गाडी बिघडून आली तर कोणताही नवा भाग टाकण्यापूर्वी त्या नोंदीवर बोट ठेवून फेरतपासणी मागावी. गाडी सुरूच होत नसेल, किंवा माथ्याकडून टकटक ऐकू येत असेल, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून पाहू नये; ती टोचन करून आणावी, कारण चार व्हॉल्व्हांचे नुकसान अशा हट्टाने आठांवर जाते. गॅरेजने दाद दिलीच नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे तक्रार नोंदविता येते. तिची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि तेथे जॉब कार्ड, बिल व तो जुना पट्टा हेच कामास येतात.