पुश्किनचे काव्य आणि चायकोव्हस्कीचे संगीत

एखाद्या थोर काव्याला दुसऱ्या कलेचा हात लागला की रसिकांत दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, मूळ कृती बिघडली. दुसरा म्हणतो, ती घरोघर पोहोचली. या वादाचा विचार करावयास रशियातील एक उदाहरण आम्हांस फार बोधप्रद वाटते. ते म्हणजे पुश्किनचे ‘येवगेनी अन्येगिन’ हे काव्य आणि त्यावर चायकोव्हस्कीने रचलेला त्याच नावाचा ऑपेरा, म्हणजे आरंभापासून शेवटपर्यंत गायिले जाणारे नाटक.

पुश्किनने ही पद्यमय कादंबरी १८२३ साली हाती घेतली आणि ती एकत्र पुस्तकरूपाने १८३३ साली प्रसिद्ध झाली. तीत आठ सर्ग असून बहुतेक सर्व काव्य चौदा ओळींच्या, ठरावीक यमकांच्या कडव्यांत बांधलेले आहे. कथानक साधे आहे. खेड्यातील अबोल, वाचनवेडी तात्याना ही शहरातून आलेल्या अन्येगिनवर मन जडवून त्याला पत्र लिहिते आणि तो तिला थंडपणे चार शब्द सुनावतो. पुढे एका क्षुल्लक भांडणापायी द्वंद्वयुद्धात तो आपल्या तरुण कविमित्राला, लेन्स्कीला, ठार करतो. काही वर्षांनी पीटर्सबर्गमध्ये तात्याना सरदारपत्नी म्हणून त्याच्या दृष्टीस पडते. आता तो व्याकुळ होतो, आणि ती नकार देते.

परंतु या काव्याचा खरा प्राण कथानकात नाही, तो कथा सांगणाऱ्या कवीच्या आवाजात आहे. कवी मध्येच थांबतो, ऋतूंविषयी, नाटकगृहांविषयी, स्वतःच्या सरलेल्या तारुण्याविषयी बोलतो आणि पात्रांकडे पाहून मिस्कील हसतो. रंगभूमीवर या आवाजाला जागा कोठून असणार?

१८७७ च्या मे महिन्यात लाव्रोव्स्काया नावाच्या गायिकेने चायकोव्हस्कीला हा विषय सुचविला. प्रथम त्याला ती सूचना वेडगळ वाटली. मग त्याने पुस्तक पुन्हा वाचले आणि एका रात्रीत नाटकाचा आराखडा तयार केला. संहितेच्या कामी शिलोव्स्की या मित्राचे त्याला साहाय्य झाले. साऱ्या काव्यातून त्याने केवळ सात प्रवेश निवडले आणि कृतीला ‘गीतमय दृश्ये’ असे नम्र नाव दिले. रशियन प्रेक्षकाला मूळ काव्य ठाऊकच होते, त्यामुळे मधले दुवे सांगत बसण्याचे त्याला कारण नव्हते.

या रूपांतरात गमावले ते थोडे नाही. लेन्स्की मरणापूर्वी जी कविता लिहितो, तिच्या भाबड्या शैलीची पुश्किन हळूच थट्टा करतो. ऑपेरात तेच शब्द हृदय पिळवटणारे गाणे होतात आणि थट्टा पार नाहीशी होते. कवीने पात्रांविषयी काढलेले उद्गार पात्रांच्याच तोंडी घातले गेले, यावर तुर्गेन्येव्हने १८७८ साली टॉलस्टॉयला लिहिलेल्या पत्रात नापसंती दाखविली होती. संगीत मात्र त्याला आवडले होते. आणखी एक गोष्ट पाहा. काव्यात तात्याना आपले पत्र फ्रेंचमध्ये लिहिते, कारण त्या काळच्या सुशिक्षित घरांत पत्रव्यवहाराची भाषा ती होती. आपण ते रशियनमध्ये उतरवून देत आहोत, असे कवी सांगतो. घरी कोकणी बोलून पत्र मराठीत लिहिणाऱ्या आम्हां मंडळींना यातील मौज वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ऑपेरात तात्याना सरळ रशियनमध्ये गाते, आणि ही मौज जाते.

मग लाभ कोणता? चायकोव्हस्कीने गमावलेल्याची भरपाई स्वतःच्या कलेच्या साधनांनी केली. शेवटच्या अंकातील मेजवानीत अन्येगिन तात्यानाच्या प्रेमात पडतो, तेव्हा तो जी चाल गातो ती तिने पत्र लिहिताना प्रारंभी गायिलेली असते. ज्या भावनेला त्याने तुच्छ लेखले, तीच आज त्याच्या कंठातून निघते. येथे कवीने येऊन हसण्याची गरज उरत नाही. ते हसू आपल्या कानांना ऐकू येते. तसेच तात्यानाच्या पतीचे. काव्यात तो बिननावाचा, लठ्ठ सेनापती आहे. संगीतकाराने त्याला ग्रेमिन हे नाव आणि पत्नीवरील प्रेमाचे एक गंभीर गीत दिले. त्यामुळे तात्यानाच्या नकाराचे वजन बदलते. ती केवळ कर्तव्याला जागत नाही, तर एका सज्जनाच्या विश्वासालाही जागते.

या कृतीचा पहिला प्रयोग १८७९ साली मॉस्कोत झाला आणि तो संगीत विद्यालयातील विद्यार्थ्यांनी केला, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. मोठ्या नाटकगृहांतील साचेबंद अभिनयाची चायकोव्हस्कीला धास्ती होती. त्याला साधेपणा आणि खरे तारुण्य हवे होते. योगायोग असा की पुढच्याच वर्षी, १८८० साली, अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. ते मूळचेच नाटक, हे काव्य. तरी जुन्या थोर कृतीला गाण्याने नवे आयुष्य देण्याची ओढ दोहोंकडे एकच होती.

आमचे मत असे की, रूपांतरकाराने मूळ कृतीतील सर्व काही राखले का, हा प्रश्न निरर्थक आहे. सर्व राखणे कोणालाही शक्य नाही. जे सोडले त्याच्या जागी त्याने आपल्या कलेतून तोलाचे काही ठेवले का, हे पाहिले पाहिजे. या कसोटीला चायकोव्हस्की उतरतो, आणि केवळ गाजलेल्या कथेच्या आधारावर उभे राहणारे पुष्कळ जण उतरत नाहीत. मात्र ही कसोटी लावावयाची तर मूळ ग्रंथ वाचलेला हवा. नाटक पाहिले, गाणी ऐकली, म्हणजे काव्य कळले असे समजणाऱ्याला आपण काय गमावले हेही कळत नाही आणि काय मिळविले हेही कळत नाही. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, गाणी अवश्य ऐका. पण ज्या ग्रंथातून ती आली, तो उघडावयाचा आळस करू नका.