पडून राहिलेल्या पोर्शची किंमत

जर्मनीची पोर्श ९४४ ही स्पोर्ट्स कार १९९१ साली बंद झाली. आज जुन्या बाजारात ती बरीच वर्षे उभी असलेली आढळते आणि विकणारा हमखास सांगतो, "फक्त बॅटरी टाका." आमच्या मते, जी गाडी चालू करून दाखवली जात नाही तिचे इंजिन गेलेले धरूनच भाव करावा. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट रबरी आहे. तो जुना होऊन तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि सिलिंडर हेड उतरवावे लागते. क्लचची तर आणखी गंमत! इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे. त्यामुळे क्लचचा खर्च कमी आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याची मजुरीच जास्त.

तेव्हा सुस्थितीतील ९४४ चा भाव आधी काढावा. त्यातून बेल्ट, क्लच, ब्रेक, टायर यांचा खर्च वजा करावा, न दिसणाऱ्या दोषांसाठीही काही रक्कम राखावी. उरेल तेवढेच द्यावे. काहीच उरले नाही तर सौदा सोडावा. विकणारा रागावेल, रागावू द्या. गाडी भंगाराच्या भावाने मिळाली तरी सुटे भाग पोर्शच्याच भावाने घ्यावे लागतात.