जठराआड दडलेले दुखणे

करोनाच्या साथीत सामान्य माणूस शरीरशास्त्राचा विद्यार्थी झाला. फुप्फुसे, प्राणवायूचे प्रमाण, रक्तातील गुठळ्या हे शब्द शिक्षकांच्या खोलीपासून कचेरीतल्या टेबलांपर्यंत सर्वतोमुखी झाले. जठराच्या मागे आडव्या पडलेल्या स्वादुपिंडाचे नाव मात्र त्या गदारोळात क्वचितच कोणी उच्चारले. अन्न पचविणारे रस आणि रक्तातील साखर आवरणारे इन्शुलिन या दोहोंची निर्मिती करणाऱ्या या अवयवाची उपेक्षा अजूनही संपलेली नाही.

विषाणू ज्या एसीई-२ प्रथिनाचा आधार घेऊन पेशीत शिरतो, ते स्वादुपिंडातही आढळते. २०२० साली वुहानमधील डॉक्टरांनी करोनाजन्य न्यूमोनियाच्या ५२ रुग्णांची पाहणी केली, तेव्हा ९ जणांच्या रक्तात अमायलेज किंवा लायपेज ही पाचक द्रव्ये वाजवीपेक्षा अधिक सापडली. तेवढ्यावरून विषाणू स्वादुपिंड पोखरतो असा निष्कर्ष काढण्याची घाई पुष्कळांनी केली. वस्तुतः मूत्रपिंडाचे काम मंदावले किंवा आतड्याला दाह झाला, तरीही ही द्रव्ये वाढतात. अमायलेज तर लाळेतही असते. खरा स्वादुपिंडदाह ही याहून वेगळी आणि सुदैवाने विरळ गोष्ट. न्यूयॉर्क परिसरातील रुग्णालयांत दाखल झालेल्या करोनाबाधितांमध्ये त्याचे प्रमाण हजारी तिघांपेक्षाही कमी भरले.

तथापि विरळ म्हणजे क्षुल्लक नव्हे. अनेक देशांतील १,७७७ स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांचा २०२० मध्ये जो अभ्यास झाला, त्यातील १४९ जणांना त्याच वेळी करोनाही झालेला होता. महिन्याभरात त्यांच्यापैकी १४.७ टक्के दगावले. करोना नसलेल्यांत हेच प्रमाण २.६ टक्के होते. करोनाबाधित वयाने मोठे होते हे खरे. पण वयादी गोष्टी जमेस धरूनही तफावत कायम राहिली. मृत्यूचे खापर एकट्या स्वादुपिंडावर फोडता येणार नाही, परंतु पोटदुखीने कळवळणाऱ्या करोनाग्रस्ताला केवळ आम्लपित्ताची गोळी देऊन वाटेला लावणे किती धोक्याचे, हे या आकड्यांवरून उमजावे.

आमच्या दृष्टीने याहूनही मोठा प्रश्न साखरेचा आहे. दाह थोड्यांना होतो. साखर बिघडते ती कितीतरी अधिक जणांची. मृतांच्या स्वादुपिंडांची तपासणी करणाऱ्या संशोधकांना इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींत विषाणूचा शिरकाव आढळला. मात्र नुकसान त्याने किती होते आणि शरीरभर उसळलेल्या दाहाने किती, याबद्दल मतभेद आहेत. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, करोनातून बरे झालेल्यांना पुढील वर्षभरात मधुमेह जडण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक दिसली. दर हजारी तेरा जादा रुग्ण, एवढाच त्याचा अर्थ. पण जेथे कोट्यवधींना लागण झाली, तेथे हजारी तेराचा गुणाकार कोठवर जातो हे सांगायला गणिताचा शिक्षक नको!

त्यात स्टेरॉइडची भर पडली. प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे प्राण या औषधाने वाचले, हे २०२० च्या ब्रिटिश चाचणीने सिद्ध केले. तेच औषध साखर चढवते, आणि ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती अशांनीही ते सर्रास घेतले. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने महाराष्ट्रात कोणाचे डोळे तर कोणाचे जबडे नेले. त्या रुग्णांपैकी बहुसंख्य मधुमेही होते. आपल्याला मधुमेह आहे हे कित्येकांना तोवर ठाऊकही नव्हते.

भारतात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने २०२३ मध्ये वर्तविला. अशा देशात, करोनासाठी रुग्णालयात राहिलेल्या किंवा स्टेरॉइड घेतलेल्या प्रत्येकाची उपाशीपोटी साखर तपासणे ही रुग्णाच्या मर्जीवर सोडण्याची बाब नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांनी साथीच्या काळातील नोंदवह्या पुन्हा उघडाव्यात आणि त्यांतील रुग्णांना निरोप धाडून बोलावून घ्यावे. या तपासणीला ना मोठे यंत्र लागते, ना तज्ज्ञ. बोटातून काढलेला रक्ताचा एक थेंब प्राथमिक चाचणीपुरता पुरतो.