लोगो नको, आकडा बघा!

‘व्हिंटेज आहे’ म्हटलं की आपण लगेच भाळतो, हो ना? बँडसाठी जुनं बास कॅबिनेट घेताना जरा थांबा. लोगो कुणीही चिकटवू शकतो. खरी जन्मतारीख आतल्या स्पीकरच्या फ्रेमवर असते. अमेरिकी स्पीकरवर ६७-७४१२ दिसलं, तर ६७ म्हणजे एमिनन्स कंपनी, पुढे १९७४चा बारावा आठवडा. अँपेगचं १९६९ पासूनचं एसव्हीटी कॅबिनेट, म्हणजे बासवाल्यांचा लाडका ‘फ्रिज’, घ्या. बंद पेटीत दहा इंची आठ स्पीकर, म्हणून आवाज घट्ट. आठही आकडे जवळपासचे असतील, तर संच मूळचा असण्याची शक्यता जास्त. कोन फाटलाय? रिकोन करा, पण फ्रेम भंगारात देऊ नका. आकडा गेला की ओळखही गेली!