हुलग्याचे पातेले आणि शेवटचे ताट



कोणी कारखान्यातून, कोणी चार घरची धुणीभांडी उरकून, कोणी साफसफाईची पाळी संपवून संध्याकाळी सातला घरात पाऊल टाकते. मुले भुकेलेली असतात, नळाला पाणी यायची वेळ झालेली असते आणि अंगात त्राण उरलेले नसते. अशा वेळी सुपाचे पाकीट फोडून गरम पाण्यात टाकणे सोपे वाटते. एखाद्या दिवशी तेही चालते. पण आपल्याच घरात पूर्वापार एक सूप होते, त्याला आपण सूप म्हणत नव्हतो इतकेच. ते म्हणजे हुलग्याचे माडगे.

हुलगे म्हणजे कोकणातले कुळीथ. हलक्या, मुरमाड जमिनीत कमी पाण्यावर येणारे हे कडधान्य. पूर्वी ते जनावरांच्या खुराकात जायचे, म्हणून गरिबाचे धान्य ठरले आणि पाककृतींच्या पुस्तकांत त्याला कोपऱ्यातच जागा मिळाली. तशी आपल्या वस्तीतली चूलच त्या पुस्तकांत फारशी नव्हती. शाहू पाटोळे यांनी 2015 साली ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरचे जेवण कागदावर आणले. ज्यांना मिळेल त्यांनी जरूर वाचावे. शंभर ग्रॅम हुलग्यात साधारण 22 ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे तूरडाळीच्या तोडीस तोड. लाज वाटावी असे त्यात काहीच नाही.

सुटीच्या दिवशी किलोभर हुलगे घेऊन नीट निवडा. त्यांच्याच रंगाचे बारीक खडे त्यात असतात, ते दाताखाली आले तर सगळी चव जाते. मग मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा, गार करा आणि गिरणीतून बारीक दळून आणा. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात हे पीठ महिनाभर सहज टिकते. आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी यावर निघतात.

माडग्याला चौघांसाठी चार मोठे चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात गुठळी न होता कालवून ठेवावे. पातेल्यात चमचाभर तेल, जिरे, ठेचलेल्या सहा-सात लसूण पाकळ्या आणि एक हिरवी मिरची परतून हळद टाकावी, चार पेले पाणी ओतावे. पाण्याला उकळी आली की कालवण एका हाताने सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. मीठ घालून आठ-दहा मिनिटे मंद आचेवर शिजू द्यावे. उतरवल्यावर कोथिंबीर. पावसात भिजून आलेल्या माणसाच्या हातात आधी ही वाटी द्यावी, स्वयंपाकाचे मग बघावे. हुलगे उष्ण म्हणून उन्हाळ्यात बऱ्याच घरी करत नाहीत. तेव्हा पातळ करून गार झाल्यावर ताक मिसळले तरी छान लागते.

पोटभर जेवण हवे असेल तर शेंगोळे करा. दोन वाट्या हुलग्याचे पीठ घेऊन त्यात अर्धी वाटी गव्हाचे पीठ मिसळा. भाजलेल्या पिठाला चिकटपणा कमी असतो, गव्हाने ते धरून राहते. आठ-दहा लसूण पाकळ्या, चार हिरव्या मिरच्या आणि चमचाभर जिरे यांचे वाटण करा. निम्मे वाटण, हळद आणि मीठ पिठात घालून घट्ट मळा. तेलाचा हात लावून बोटाएवढ्या वळ्या करा आणि दोन्ही टोके जोडून कडबोळ्यासारखे वळा. हे काम मुलांना द्यावे, मुलग्यांनाही. त्यांचे शेंगोळे वाकडे होतील, पण शिजतात सारखेच.

उरलेले वाटण तेलात परतून सहा वाट्या पाणी, तिखट, मीठ घाला. पाणी खळखळ उकळू लागल्यावरच एकेक शेंगोळे सोडा. पहिली पाच मिनिटे पळी लावू नका, नाहीतर मोडून त्यांचे पिठले होईल. नंतर झाकण ठेवून वीस मिनिटे मंद आच. शेंगोळ्याचे पीठ सुटून रस्सा आपोआप दाटतो. वर मूठभर दाण्याचे कूट घातले तर आणखी चव येते.

तोवर घोळाणा होतो. मेथीची किंवा मुळ्याची कोवळी पाने तीन पाण्यांतून धुवा. कच्ची खायची म्हणून इथे आळस नको. बारीक चिरून त्यात कांदा, दाण्याचे कूट, तिखट आणि कच्चे तेल घाला. मीठ आणि लिंबू मात्र ताट वाढताना, आधी घातले की पाला पाणी सोडतो. मॉलमध्ये डब्यात घालून विकतात त्या हिरव्या पाल्यापेक्षा आमच्या मते हा घोळाणा कितीतरी सरस.

आता मुद्द्याचे. शेंगोळे पातेल्याच्या तळाशी बसतात. वाढणारीच्या पळीत आधी नवऱ्यासाठी, मग मुलांसाठी शेंगोळे येतात. तिच्या वाट्याला येतो तो रस्सा आणि कोरभर भाकरी. आमटीतली डाळ, भाजीतली फोड यांचेही तेच होते. सासूबाईंनी असेच केले, आईनेही असेच केले. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरांतल्या 57 स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. जिना चढताना दम लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे हे आपण थकव्यावर ढकलतो. रक्त तपासून घ्यावे, सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात त्या घ्याव्यात. आणि घरात पहिली वाटी भरण्याआधी माणशी किती शेंगोळे येतात ते मोजून स्वतःची वाटी बाजूला काढून ठेवावी. सगळ्यांनी एकत्र बसावे हे उत्तम, पण पाळ्यांच्या नोकरीत ते रोज जमत नाही. वाटी काढून ठेवणे मात्र जमते. भाऊ हे पान वाचत असतील तर पळी त्यांनी हाती घ्यावी.

कडधान्यातले लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते, म्हणून घोळाण्यावर लिंबू पिळायला विसरू नका. जेवणाला लागून चहा मात्र नको, त्याने लोह नीट शोषले जात नाही. तास-दीड तास थांबावे.

रात्री शेंगोळे उरले तर सकाळपर्यंत रस्सा गोठल्यासारखा घट्ट होतो. त्यात कपभर उकळते पाणी घालून पुन्हा एक चढण आणावी. शिळ्या भाकरीबरोबर डब्याला हे फार चांगले लागते.

पुढच्या अंकात अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या.